संत जेर्मांची माणसं

[दृश्य: सां-जेर्मां-दे-प्रे, चर्चचा मनोरा, खालून वर]

पॅरिसच्या ऐन गजबजाटात उभा असलेला हा मनोरा. समोर कॅफे, कॅफेच्या खुर्च्या, खुर्च्यांवर जगभरचे पर्यटक. मनोऱ्याचं बांधकाम सुरू झालं इसवी सन 1000 च्या आसपास, आणि तेव्हाही हा मठ जुनाच होता. आजचं गजबजलेलं पॅरिस तेव्हा इथे नव्हतं. चर्चच्या नावातला ‘प्रे’ म्हणजे गवताळ कुरणं.

[दृश्य: आतला भाग, वरच्या गॅलरीतले संगमरवरी खांब]

हे बारीक खांब बघा. मनोऱ्याहून चारशे वर्षांनी जुने. फ्रँक राजा पहिला शिल्देबेर याने सहाव्या शतकात इथे चर्च बांधलं, 558 मध्ये तो मेला आणि इथेच पुरला गेला. पॅरिसचे बिशप जेर्मां 576 मध्ये वारले, तेही इथेच. पुढे ते संत ठरले, आणि मठाची जमीन कागदोपत्री त्यांच्या नावावर आली.

मेलेल्या माणसाच्या नावावर जमीन ठेवण्यात मोठा फायदा होता. राजाला मुलं होतात, मुलं वाटण्या मागतात. फ्रँक सम्राट शार्लमेनचं एवढं मोठं साम्राज्य, 843 मध्ये व्हर्दांच्या तहात त्याच्या तीन नातवांनी वाटून घेतलं. संताला वारस नाही, त्यामुळे वाटणीही नाही. त्यात सरदार-जमीनदार आपल्या आत्म्याच्या उद्धारासाठी एखादं शेत, एखादं रान, कधी अख्खं गाव संताला देऊन टाकत. त्या जमिनीवर राबणारी माणसंही जमिनीबरोबरच जात.

[दृश्य: हस्तलिखिताचं पान, लॅटिन ओळींवरून हळूहळू सरकणारा कॅमेरा]

आता या पानावर थांबू. मठाधीश इर्मिनों यांनी 820 च्या दशकात मठाच्या जमिनींची ही मोजदाद करवून घेतली. गाव, शेत, कूळ, बायको, मुलं, आणि प्रत्येकाकडून काय येणं आहे ते. आपण शोधतोय एक नाव. व्हिलारिस या गावाखाली ते सापडतं. बोदो. त्याची बायको एर्मेंत्रूड. तीन मुलं. आणि ओळख म्हणून तीन शब्द: संत जेर्मांची माणसं.

बोदोकडे नांगरटीची जमीन आहे, थोडा द्राक्षमळा, थोडं कुरण. त्याबदल्यात देणं किती, ते ऐका. सैन्याच्या खर्चासाठी चांदीचे दोन सॉलिडस, म्हणजे चांदीची 24 नाणी. डुकरं रानात चरायला सोडायची म्हणून वाईनची दोन मापं. दर तिसऱ्या वर्षी छपराच्या 100 फळ्या. कुंपणाचा ठरलेला तुकडा बांधून द्यायचा. 3 कोंबड्या, 15 अंडी. हिवाळी पिकासाठी ठरलेली नांगरट, वसंतातल्या पिकासाठी वेगळी. शिवाय दर आठवड्याला मठाच्या शेतात दोन वेळा नांगराची वेठ, एकदा हातकामाची वेठ. गाडी हाकायला सांगितली की गाडी. पिठाच्या गिरणीत त्याचा अर्धा वाटा आहे, त्यापोटी आणखी 24 नाणी.

अंडीसुद्धा मोजलेली आहेत.

[दृश्य: नांगरलेली शेतं, सीनचं खोरं, सकाळ]

शाळेच्या पुस्तकात सरंजामशाहीचा पिरॅमिड असतो. वर राजा, मग सरदार, तळाशी शेतकरी, आणि चर्च बाजूला एका चौकटीत, जणू ते पाहुणं आलंय. या वहीत मात्र चर्चच जमीनदार आहे. त्या काळात असा हिशेब लिहून ठेवणारी माणसं प्रामुख्याने मठांमध्येच होती. बोदोला लिहिता येत होतं असं मानायला काही कारण नाही. पण त्याचं नाव आपल्याला माहीत आहे ते त्याच्याकडून वसुली करणाऱ्याच्या लेखणीमुळेच.

आणि मठाधीशालाही वरचा धनी होताच. 806 च्या सुमारास शार्लमेनने फुलराद नावाच्या मठाधीशाला पाठवलेलं पत्र उपलब्ध आहे. माणसांसह पूर्व सॅक्सनीत श्टासफुर्टला हजर व्हा. प्रत्येक घोडेस्वाराजवळ ढाल, भाला, तलवार, खंजीर, धनुष्य आणि बाणांचा भाता हवा. गाड्यांमध्ये कुऱ्हाडी, रंधे, कुदळी, लोखंडी फावडी. तीन महिन्यांचं धान्य, सहा महिन्यांची शस्त्रं आणि कपडे. पत्र मठाधीशाला आहे, हे पुन्हा सांगतो. बोदोची सैन्यासाठीची 24 नाणी कुठल्या व्यवस्थेत जात होती ते यावरून कळतं.

राज्यकर्त्यांचाही चर्चच्या जमिनीवर डोळा होता. शार्लमेनचा आजोबा शार्ल मार्तेल याने ती आपल्या लढवय्यांना खुशाल वाटली. त्याच्या मुलाने, कार्लोमनने, 743 मध्ये तोडगा काढला: जमीन लढवय्यांकडेच राहील, त्यांनी चर्चला दर कुळामागे 12 नाणी द्यावीत.

[दृश्य: चर्चची घंटा, रविवारची प्रार्थना]

उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, चर्चला द्यायचाच, हे शार्लमेनने 779 मध्ये कायद्याने पक्कं केलं. 789 मध्ये रविवारची सक्तीची सुट्टी. पुरुषांनी नांगरायचं नाही, कापणी करायची नाही, कुंपण घालायचं नाही. बायकांनी विणायचं नाही, शिवायचं नाही, लोकर पिंजायची नाही, चारचौघांत कपडे धुवायचे नाहीत. गाड्या मात्र तीन कारणांसाठी चालवायला मुभा होती: लढाईचं सामान, अन्नधान्य, आणि गरज पडली तर प्रेत दफनाला नेणं. आठवडाभर राबणाऱ्या एर्मेंत्रूडला हा एक दिवस खरंच सुटकेचा वाटला असेल. चर्चला त्याचं श्रेय द्यायला हवं. लढाईच्या गाड्यांना मात्र रविवार नव्हता.

[दृश्य: पुन्हा मनोरा, मग ग्रंथालयाची इमारत]

845 मध्ये व्हायकिंग सीन नदीतून पॅरिसवर आले, पुढच्या दशकांत पुन्हा पुन्हा आले, मठ लुटला आणि जाळला गेला. म्हणून हा मनोरा नव्याने उभा करावा लागला. मग फ्रेंच राज्यक्रांती आली. ऑगस्ट 1789 मध्ये राष्ट्रीय सभेने दशांश रद्द केला, नोव्हेंबरात चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या हवाली झाली. मठ बंद पडला आणि 1794 मध्ये त्याचं ग्रंथालय जळालं. इर्मिनोंची वही त्यातून वाचली. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आज तिचा क्रमांक लॅटिन 12832 आहे.