डीएससीचं टोकन हरवलं, फाईल आहे, चालेल का?

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा: "ताई, डीएससीचं टोकन हरवलं, पण सर्टिफिकेटची फाईल लॅपटॉपवर सेव्ह आहे. चालेल ना?"

नाही चालणार.

डीएससी, म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, हे तुमच्या डिजिटल सहीचं सर्टिफिकेट. ही सही टेंडरला लागते, कंपनीच्या फॉर्मला लागते. ती ज्यात असते ते पेन ड्राइव्हसारखं छोटं यूएसबी उपकरण म्हणजे टोकन.

टोकनमध्ये दोन गोष्टी असतात: सर्टिफिकेट आणि 'प्रायव्हेट की', म्हणजे सही करणारी गुप्त डिजिटल किल्ली. सर्टिफिकेटमध्ये तुमचं नाव आणि 'पब्लिक की', म्हणजे ती सही तपासायची उघड किल्ली. ते जगाला वाटा, काही बिघडत नाही. सही होते ती प्रायव्हेट कीनं, आणि ती टोकनमध्येच तयार होते, तिथून बाहेर काढता येत नाही. तुमच्या लॅपटॉपवरच्या फाईलमध्ये ती नाहीच.

पटत नसेल तर स्वतः बघा. टोकन लावा, विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, स्क्रीनवर दिसतंय ते 'सर्टएमजीआर डॉट एमएससी' टाइप करा. पर्सनलमध्ये सर्टिफिकेट्स उघडा, तुमच्या नावावर डबल क्लिक. खाली छोटी किल्ली दिसेल, शेजारी प्रायव्हेट की असल्याची इंग्रजी ओळ. आता ती सेव्ह केलेली फाईल उघडा. नाव तेच, तारखा त्याच, पण किल्लीची ओळ गायब!

म्हणूनच मला राग येतो तो टोकन दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्याचा. माझ्या ओळखीच्या एका ठेकेदारांचं टोकन सल्लागाराच्या ऑफिसात पडून असतं, पिन टोकनच्याच पाठीवर चिकटवलेला. अहो, ही कोऱ्या चेकवर सही करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे! एका दादांनी लिहिलंय, "आमचे सीए घरचेच आहेत." असतील, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या ऑफिसात काम करणारी मुलं दर वर्षी बदलतात, त्यांचं काय? काम असेल तेव्हा टोकन घेऊन जा, पिन स्वतः टाका, परत घेऊन या.

कायदाही हेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, कलम 42: प्रायव्हेट की सांभाळायची जबाबदारी तुमची. ती दुसऱ्याच्या हाती लागली, तर सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कळवेपर्यंत जबाबदार तुम्हीच. तेव्हा टोकन हरवलं की आधी त्या कंपनीला कळवून सर्टिफिकेट रद्द करून घ्या, मग नवीन काढा आणि प्रत्येक पोर्टलवर ते पुन्हा रजिस्टर करा. लॅपटॉपवरून फाईल डिलीट केली म्हणजे सर्टिफिकेट रद्द होत नाही.

आणि ज्यांचा पिन ब्लॉक झालाय त्यांनी थांबा! दुकानदार "इनिशियलाइज करून देतो" म्हणाला तर हो म्हणू नका. त्यात प्रायव्हेट की पुसली जाते. आधी अनब्लॉक होतंय का, ते सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीला विचारा.