ओंडका मोजायचा की व्हिनियर? डंपिंगचा आकडा आणि अमेरिकेचं न्यायालय

मंडळी, आजचा विषय रुक्ष आहे याची मला कल्पना आहे. आयात लाकडावरची अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे परदेशी माल रास्त किमतीखाली विकला की त्यावर बसणारा जादा कर, आणि त्या ड्युटीचा न्यायालयात लागणारा कस. पण या रुक्ष विषयात एकेका निकालाने अख्ख्या गावाचे कारखाने चालू राहतात किंवा बंद पडतात, म्हणून थोडा धीर धरा.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडे कोर्ट ऑफ इंटरनॅशनल ट्रेड आहे. पूर्वीचं कस्टम्स कोर्ट. 1980 साली त्याला आजचं नाव आणि वाढीव अधिकार मिळाले. नऊ न्यायाधीश, आणि कायद्याचीच अट अशी की एका राजकीय पक्षाचे त्यात पाचांहून जास्त असता कामा नयेत. परदेशी मालावरच्या ड्युटीचे वाद इथे येतात. पोलाद, कोळंबी, लसूण आणि आपल्या कामाचं म्हणजे लाकूड. इथल्या निकालावर अपील वॉशिंग्टनला, फेडरल सर्किट नावाच्या वरच्या न्यायालयात.

ड्युटी लावायचं काम अमेरिकेत दोन ठिकाणी वाटून दिलेलं आहे. डंपिंग झालं का आणि किती टक्के, हे वाणिज्य खातं ठरवतं. त्यामुळे स्थानिक उद्योगाचं नुकसान झालं का, हे आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग ठरवतो. दोन्हीकडून होकार आला तरच ड्युटी. चीनच्या प्लायवूडवर 2013 मध्ये आयोगाने नुकसान नाही असं म्हटलं आणि सगळं प्रकरण तिथेच मिटलं. तीनेक वर्षांनी तोच उद्योग पुन्हा दारात आला, तेव्हा मात्र होकार मिळाला आणि जानेवारी 2018 मध्ये आदेश निघाला. दर 183.36 टक्के. शंभर डॉलरच्या मालावर एकशे त्र्याऐंशी डॉलर ड्युटी! दुकान बंद करा असं सांगायची ही सभ्य पद्धत.

हा आकडा आला कुठून, ते जरा जवळून बघू. चीनला अमेरिका बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्था मानत नाही. म्हणून चिनी कारखान्याचा स्वतःचा खर्च ती धरत नाही. कारखान्याने किती लाकूड, किती गोंद, किती वीज, किती मजुरीचे तास वापरले एवढंच विचारते आणि त्या प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या, साधारण तितक्याच उत्पन्नाच्या देशातला भाव लावते. अशी बेरीज करून एक ‘रास्त किंमत’ तयार होते. विक्रीचा भाव त्याहून कमी असला की फरक म्हणजे डंपिंग.

शांडोंग प्रांतातलं लिन्यी हे पॉपलरच्या प्लायवूडचं मोठं केंद्र. तिथल्या लिन्यी चेंगेन नावाच्या कंपनीची चौकशी झाली. ही कंपनी ओंडके विकत घ्यायची, यंत्रावर फिरवून त्यांचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ थर, सोलायची आणि त्याचं प्लाय बनवायची. मग तिने किती लाकूड वापरलं? ओंडका काही तागडीत घालून मोजत नाहीत. लांबी घ्यायची, व्यास घ्यायचा आणि ठरलेल्या कोष्टकावरून घनमीटर काढायचे. आपल्याकडे वखारीत घनफुटाचं जे चालतं, त्यातलाच प्रकार. वाणिज्य खातं म्हणालं, या मापावर आमचा भरवसा नाही. मग त्यांनी ओंडका सोडला आणि मधल्या टप्प्यावरच्या व्हिनियरला भाव लावला. हिशेब ओंडक्यापासून न करता व्हिनियरपासून केला, आणि उत्तर आलं 183.36.

कंपनी न्यायालयात गेली. 2019 मध्ये न्यायाधीश जेनिफर चो-ग्रोव्हज यांनी प्रकरण खात्याकडे परत पाठवलं: माप अविश्वसनीय आहे असं तुम्ही म्हणता, पण कागदपत्रांवरून ते का पटावं, हे तुम्ही सांगितलेलं नाही. फेरविचारात ओंडक्यापासून हिशेब झाला आणि दर निघाला शून्य. कारखाना तोच, माल तोच, विक्रीच्या पावत्याही त्याच.

यात न्यायाधीशांनी स्वतः गणित केलं नाही, हे लक्षात घ्या. तो त्यांचा अधिकारच नाही. निर्णयामागे नोंदीवरचा भरीव पुरावा आहे का आणि निर्णय कायद्याला धरून आहे का, एवढंच त्यांनी बघायचं. ‘भरीव पुरावा’ म्हणजे समंजस माणसाला पुरेसा वाटेल इतका. पट्टी तशी खालचीच. खात्याचं म्हणणं न्यायाधीशाला पटलं नाही तरी चालतं, फक्त ते कारणासह आणि विरुद्ध बाजूचा पुरावा विचारात घेऊन मांडलेलं हवं. आणि गंमत अशी की इतक्या खालच्या पट्टीवरही खातं वारंवार अडखळतं. माझ्या मते याचं कारण वाईट हेतू नाही. मुदतीचा दट्ट्या, कागदांचे ढीग आणि सोयीचा रस्ता धरायची सवय, ही खरी कारणं.

या सोयीच्या रस्त्याचा एक नमुना थेट आपल्या देशाशी जोडलेला आहे. 2005 च्या जानेवारीत चीनच्या लाकडी बेडरूम फर्निचरवर ड्युटी लागली. पलंग, कपाटं, ड्रेसिंग टेबलं. त्या चौकशीत भाव लावायला देश निवडला होता भारत. म्हणजे डोंगगुआनमधल्या कारखान्याचा नफा आणि वरखर्च किती धरायचा, हे भारतातल्या फर्निचर कंपन्यांच्या ताळेबंदांवरून ठरत होतं. कुठली भारतीय कंपनी खरंच कारखानदार, कुठली नुसती व्यापारी, कुणाचा ताळेबंद धरायचा नि कुणाचा वगळायचा, यावर न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी पानंच्या पानं लिहिली. त्या कंपन्यांच्या मालकांना याचा पत्ता तरी होता का, कोण जाणे.

पण मजुरीच्या बाबतीत मात्र खात्याने भारताचा दर लावला नाही. त्यांचा स्वतःचा नियम होता: अनेक देशांचं राष्ट्रीय उत्पन्न आणि मजुरी आलेखावर मांडायची, मधून एक रेष काढायची आणि चीनच्या उत्पन्नाला त्या रेषेवर जी मजुरी येईल ती धरायची. दिसायला एकदम शास्त्रीय. मात्र कायदा सांगतो की शक्य तितके आकडे सारख्या आर्थिक पातळीच्या आणि तशाच प्रकारचा माल मोठ्या प्रमाणात बनवणाऱ्या देशांतून घ्यावेत. डॉर्बेस्ट कंपनीच्या खटल्यात मे 2010 मध्ये फेडरल सर्किटने तो नियमच कायद्याविरुद्ध ठरवला. फर्निचरच्या एका प्रकरणातून निघालेल्या या निकालामुळे चीनविरुद्धच्या साऱ्याच प्रकरणांत मजुरी मोजायची पद्धत बदलावी लागली.

आता ज्यांची चौकशीच झाली नाही त्यांचं काय? निर्यातदार शेकड्यांनी असतात, खातं दोन-तीन मोठे निवडतं. सरकारी नियंत्रणापासून आपण स्वतंत्र आहोत हे बाकीच्यांनी सिद्ध केलं, तर त्यांना निवडलेल्यांच्या दरांवरून सरासरी दर मिळतो. डिसेंबर 2011 मध्ये चीनच्या बहुस्तरीय लाकडी फरशीवर, म्हणजे इंजिनिअर्ड फ्लोअरिंगवर, ड्युटी लागली. तिघांची चौकशी झाली होती. एकाचा दर शून्य, दुसऱ्याचा 2.63, तिसऱ्याचा 3.98. शून्य वगळून सरासरी 3.31, ती बाकी साऱ्यांना. पुढे न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं आणि तिघांचेही दर शून्यावर आले. मग बाकीच्यांचाही शून्य व्हायला हवा ना? खातं तयार होईना. ज्या कंपन्यांनी प्रश्नावलीला उत्तरच दिलं नाही त्यांना दंड म्हणून लावलेला दर पुढे करून ते म्हणत राहिलं की बाकीच्यांचा दर शून्याहून जास्तच असला पाहिजे. चांगझोऊ हॉड या कंपनीच्या खटल्यात फेब्रुवारी 2017 मध्ये फेडरल सर्किटने हे फेटाळलं. निवडलेले निर्यातदार बाकीच्यांचे प्रतिनिधी आहेत असं गृहीत धरूनच तुम्ही निवड केलीत, आता निकाल नावडता निघाला म्हणून ते गृहीत टाकून देता येणार नाही. टाकायचंच असेल तर पुरावा द्या. मला हा निकाल फार आवडतो. ड्युटी मात्र 2011 ची आणि न्याय 2017 चा. त्यावरही, दर शून्य झाला म्हणजे आदेशातून नाव निघालं का, हे भांडण 2020 पर्यंत चाललं.

आपल्याकडे अशा ड्युटीवरचं अपील सेस्टॅटमध्ये, म्हणजे सीमाशुल्क-अबकारीच्या अपील न्यायाधिकरणात, जातं. 2011 मध्ये टायर उत्पादकांच्या संघटनेच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धरलेला मुद्दा याहून साधा होता: सुनावणी एका अधिकाऱ्याने घेतली आणि निष्कर्ष दुसऱ्याने काढला, हे चालणार नाही. मोठा फरक वसुलीत आहे. आपल्याकडे दर आधी ठरतो आणि तोच भरायचा. अमेरिकेत आयातदार आधी अनामत भरतो, अंतिम रक्कम मागाहून ठरते. कस्टम्सने एकदा हिशेब बंद केला की मग न्यायालयात जिंकूनही हातात काही पडत नाही. झेनिथ रेडिओच्या 1983 च्या निकालापासून हे स्पष्ट आहे, म्हणून तिथला वकील खटल्याबरोबर हिशेब थोपवणारा मनाई हुकूम मागतो. तो मागायला विसरलेला वकील पुन्हा त्या पक्षकाराला तोंड दाखवू शकत नाही.

खात्यालाही हार सहज पचत नाही. फेरविचारात ते न्यायालयाचं ऐकतं, पण ‘निषेध नोंदवून’. तसं केलं की अपिलाचा हक्क शाबूत राहतो, हे 2003 मध्ये विराज ग्रुपच्या खटल्यात ठरलं. हो, आपल्या तारापूरचे स्टेनलेस स्टीलवाले विराज. लाकडाच्या प्रकरणांत हा शब्दप्रयोग तुम्हाला पानोपानी भेटेल.

कॅनडाच्या इमारती लाकडाची गोष्ट वेगळी. तिथे उत्तर अमेरिकी करारामुळे न्यायालय टाळून दोन्ही देशांच्या तज्ज्ञांच्या पॅनेलकडे जाता येतं. पॅनेलांनी अमेरिकेला अनेकदा परत पाठवलं, तरी 2006 मध्ये शेवट झाला तो राजकीय तडजोडीने. जमा झालेल्या सुमारे 5 अब्ज डॉलरपैकी 4 अब्ज परत गेले आणि 1 अब्ज अमेरिकेत राहिले. हरलेल्या बाजूने पाचवा हिस्सा ठेवून घेतला, असं मी म्हटलं तर कॅनडातला सॉ-मिलवाला मान डोलावेल. तो समझोता 2015 मध्ये संपला आणि 2018 मध्ये ड्युटी परत आली.

शेवटचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉनचा चाळीस वर्षं जुना सिद्धान्त मोडीत काढला. कायदा संदिग्ध असेल तिथे खात्याचा अर्थ मानायचं बंधन आता न्यायाधीशांवर नाही. लाकडाच्या खटल्यांत याने काय होईल? मजुरीच्या रेषेसारखे नियम आता आणखी लवकर कोसळतील. पण ओंडक्याचं माप खरं की खोटं, कुठला ताळेबंद धरायचा, हे कायद्याच्या अर्थाचे प्रश्न नाहीत. तिथे भरीव पुराव्याची जुनीच पट्टी लागणार, आणि न्यायालय फक्त चौकशीच्या वेळी दाखल झालेले कागद बघणार. नवा कागद तिथे कुणी हातात घेत नाही. तुमच्यापैकी जे निर्यातदारांना सल्ला देतात त्यांनी पहिली प्रश्नावली आली त्याच दिवशी मोजमापाच्या वह्या बाहेर काढायला सांगा. प्रश्न असतील तर विचारा.