अंकापुढचं अक्षर

[दृश्य: संविधानाच्या मराठी प्रतीचं पान. बोट ‘२१’ वरून खाली ‘२१क’ वर येतं.]

भारताच्या संविधानातलं शेवटचं कलम कितवं? ३९५. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेनं ते स्वीकारलं तेव्हा ३९५, आणि शंभराहून जास्त घटनादुरुस्त्यांनंतर आजही ३९५च.

मग एवढी भर पडली कुठे? आतल्या आत. नवं कलम आलं की ते आपल्या विषयाच्या कलमाला लागून बसतं आणि जुन्याच क्रमांकापुढे क, ख, ग यांपैकी एक अक्षर घेतं. त्यामुळे बाकीच्या कलमांचे आकडे हलत नाहीत. सत्तर वर्षांपूर्वीच्या निकालपत्रात ‘कलम १४’ म्हटलं असेल, तर ते आजही तिथेच सापडतं. कलम २१ जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं. २००२ सालच्या दुरुस्तीनं त्याच्या शेजारी २१क आलं आणि २०१० साली ते लागू होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. संविधान हातात घेतलं की आधी ही अक्षरं पाहावीत. प्रत्येक अक्षरामागे कुणीतरी काहीतरी मागितलं होतं, कशावरून तरी वाद झाला होता.

मांडणी सरळ आहे. आरंभी उद्देशिका, मग भाग, भागांत कलमं आणि शेवटी अनुसूची. भाग तीनमध्ये मूलभूत हक्क, चारमध्ये मार्गदर्शक तत्त्वं, पुढे केंद्र, राज्यं, न्यायालयं, निवडणुका. भाग विसात मात्र एकच कलम आहे, ३६८. दुरुस्ती कशी करायची, ते तिथे सांगितलंय.

[दृश्य: भातखाचरं, नांगरणी. जुना सातबारा.]

पहिली दुरुस्ती १९५१ साली झाली. पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. जमीनदारी संपवणारे कायदे न्यायालयात अडकत होते. बिहारचा कायदा पाटणा उच्च न्यायालयानं रद्द ठरवला होता. संसदेनं अशा जमीनविषयक कायद्यांना संरक्षण देणारी ३१क आणि ३१ख ही कलमं घातली आणि एक नवी अनुसूची जोडली, नववी. मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून जे कायदे रद्द करता येणार नाहीत, त्यांची ही यादी. सुरुवातीला त्यात तेरा कायदे होते. दुसऱ्याच क्रमांकावर मुंबई राज्याचा १९४८चा कायदा आहे, आपला कूळकायदा.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात ज्या कायद्यानं खरी केली, तो हाच. १९५६ साली त्यात मोठी सुधारणा झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी असंख्य कुळं कसत्या जमिनीची कायद्यानं खरेदीदार मानली गेली. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१कच्या आधारावर कायदा टिकला. किती घरांच्या सातबाऱ्यावरचं नाव या एका अक्षराच्या आधारानं उभं आहे!

पण हेच हत्यार पुढे सैल हातांनी वापरलं गेलं. नवव्या अनुसूचीतली यादी २८४पर्यंत गेली. संसद काहीही बदलू शकते का, हा प्रश्न अटळ होता. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी उत्तर दिलं: दुरुस्ती करा, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. याचिकाकर्त्यांची बाजू मुंबईच्या नानी पालखीवालांनी मांडली होती. एका मताच्या फरकानं ही चौकट वाचली, याची आठवण ठेवली पाहिजे.

[दृश्य: साखर कारखान्याचं गव्हाण, उसाच्या गाड्या.]

३६८ची रीतही कडक आहे. दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे एकूण सदस्यांचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश बाजूनं हवेत. केंद्र-राज्यांच्या अधिकारवाटपाला हात लागला, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीनं सहकारी संस्थांसाठी नवा भाग घातला, पण राज्यांची संमती घेतली नव्हती. सहकार हा राज्यांचा विषय. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो भाग रद्द केला. फक्त बहुराज्य संस्थांपुरता ठेवला.

[दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय, ग्रामसभा.]

आता कलम २४३. मूळ संविधानात ते अंदमान-निकोबारसारख्या प्रदेशांच्या कारभाराचं होतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, ते कलम गळालं आणि आकडा रिकामा पडला. छत्तीस वर्षांनी त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं त्याच जागेवर पंचायती आणून बसवल्या, २४३पासून २४३णपर्यंत सोळा कलमं. ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. त्यांतलं २४३घ सांगतं, किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना. महाराष्ट्रानं २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेलं.

गावात जे १९९३ साली मिळालं, ते लोकसभेसाठी आणि विधानसभांसाठी कागदावर यायलाच २०२३ उजाडलं. एकशेसहावी दुरुस्ती, कलम ३३०क आणि ३३२क. सोबत ३३४क आहे, आणि त्यात अट आहे: आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, त्यानंतर आरक्षण.