तीन पायऱ्या आणि ५.४ मीटर

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रंथालयाच्या दारात तीन पायऱ्या असतात. तुम्हीआम्ही त्या चढतो आणि विसरतो. एकेक पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर उंची झाली ४५ सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं सर्वसाधारण मान्य प्रमाण आहे एकास बारा, उंचीच्या बारापट लांबी. म्हणजे या तीन पायऱ्यांसाठी रॅम्प हवा ५.४ मीटर लांब. जागा नाही म्हणून तो दोन मीटरांत उरकला, की त्याची घसरगुंडी होते आणि चढताना खुर्ची मागे कलंडते. कागदोपत्री मात्र ‘रॅम्प आहे’. मला अशा रॅम्पचा फार राग येतो. नसलेला रॅम्प निदान खोटं तरी बोलत नाही.

बरं, चढलो वर. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आहे, छान. आत खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा लागते, तीही नकाशात सोडलेली आहे. पण रिकामी जागा आपल्याला बघवत नाही. कोणीतरी तिथे नव्या पुस्तकांचं टेबल मांडतं. अंध वाचकाच्या काठीला वाट दाखवणाऱ्या उठावदार फरशीवर शोभेची कुंडी येते. आणि अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात? जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे! इमारत बांधणाऱ्यानं चूक केलेली नसते. ती रोज थोडीथोडी आपणच करतो.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपानं मांडली. त्यातलं दुसरं सूत्र सांगतं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. यातला ‘प्रत्येक’ सांभाळायचं काम एकट्या ग्रंथपालाचं नाही, ते भिंती, दारं आणि कपाटांचंही आहे. सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक खुर्चीतल्या वाचकासाठी गहाळच समजायचं.

काही अडचणी तर डोळ्यांना दिसतही नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला देवघेवीच्या काउंटरवर समोरच्याचं बोलणं कळत नाही. गोंगाट तेवढा कळतो. त्यावर इंडक्शन लूप नावाची साधी सोय आहे. काउंटरपाशी तारेचं एक वेटोळं बसवतात. कर्मचारी माइकमध्ये बोलला, की तो आवाज चुंबकीय लहरींनी थेट श्रवणयंत्रात उतरतो. अर्थात, यंत्रात त्या लहरी पकडणारी कॉइल हवी आणि लूप चालू हवा. आग लागल्याची घंटा ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी लुकलुकणारा दिवाही हवा. सतत फडफडणारी ट्यूब काहींना असह्य होते. ती बदलायला कुठल्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

माझं सांगणं इतकंच, की आराखडा पक्का होण्याआधी तो चाकाच्या खुर्चीतल्या, काठी घेऊन चालणाऱ्या, श्रवणयंत्र लावणाऱ्या वाचकांपुढे ठेवा. इमारत जुनी असेल, तर त्यांच्यासोबत दारापासून स्वच्छतागृहापर्यंत एक फेरी मारा. हातात मोजायची टेप असू द्या. आणि जाताना ते गठ्ठे उचला.

नमस्कार.