तुळशीपाशी रोवलेला गज

नमस्कार, श्रोतेहो.

आज बिनसेलच्या रेडिओबद्दल बोलायचंय. सेल नाही, चार्जर नाही, बटणसुद्धा नाही. क्रिस्टल रेडिओ म्हणतात त्याला. केंद्रावरून निघालेल्या लहरी एरियलच्या तारेत चिमूटभर वीज उठवतात, तेवढ्यावर तो बोलतो. पुन्हा सांगतो, बाहेरून वीज अजिबात द्यायची नाही.

कागद-पेन्सिल घ्या. तीन इंची पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा, त्यावर 26 गेजच्या इनॅमल तारेचे, म्हणजे वीज अडवणारा लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे, 50 वेढे, एकाला एक चिकटून. बारा-तेरा मीटर तार लागेल. या कॉइलच्या दोन टोकांना जुन्या ट्रान्झिस्टरमधला गँग, म्हणजे फिरवून केंद्र लावायचा कंडेन्सर, जोडायचा. खालचं टोक अर्थला, म्हणजे जमिनीत रोवलेल्या गजाला. वरच्या टोकापासून जर्मेनियम डायोड (विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग), त्यापुढे क्रिस्टल इअरफोन, इअरफोनची दुसरी वायर अर्थला. इअरफोनच्या दोन्ही वायरींमध्ये 47 किलोओहमचा रेझिस्टर टाका. पंधरा-वीस मीटरची एरियल मात्र खालून बाराव्या वेढ्यावर टॅप, म्हणजे मधूनच जोड, काढून तिथे जोडा. थेट वरच्या टोकाला जोडली, तर एरियलच कंडेन्सरसारखी वागते आणि आपल्या सांगली आकाशवाणीचे 1251 किलोहर्ट्झ काही केल्या गँगवर सापडत नाहीत. आणि जिथे जिथे जोड आहे तिथलं इनॅमल ब्लेडनं खरवडा. इनॅमल खरवडा! मुक्या रेडिओचं पहिलं दुखणं तेच असतं.

डायोड जर्मेनियमचाच हवा. चार्जरमधला सिलिकॉनचा डायोड अर्ध्या व्होल्टाच्या पुढे गेल्याशिवाय दार उघडत नाही, आणि आपल्याकडे तेवढी वीज कुठली? मोबाइलचा इअरफोनही चालायचा नाही. पूर्वी डायोडऐवजी गॅलिनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा खडा असे. जगदीशचंद्र बोस यांनी 1901 साली याच गॅलिनाच्या डिटेक्टरच्या, म्हणजे लहरी टिपणाऱ्या साधनाच्या, पेटंटसाठी अमेरिकेत अर्ज केला, 1904 साली ते मिळालं. आमच्या शाळेतल्या सरांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून सतारीच्या तारेचा तुकडा आणला होता. त्याचं टोक खड्यावर चाचपत बसायचं. एखाद्या ठिपक्यावर आवाज लागायचा, बाक हलला की जायचा.

सातारकरांनी रागावू नये. साताऱ्याचं आकाशवाणी केंद्र एफएमवर आहे, आणि हा गरीब रेडिओ मध्यम लहरींचा.

राहिली ती जमिनीतली अर्थ. तिची गोष्ट सांगतो.

साल 1978, मी आठवीत. आमचं गाव सांगलीपासून दहा किलोमीटरवर, कृष्णाकाठी. जमीन काळी. पुठ्ठ्याच्या नळकांडीवर मेण लावून मी कॉइल गुंडाळली होती, एरियल माळवदावरून शेवग्यापर्यंत. अर्थसाठी मोडक्या खिडकीचा गज तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी ठोकलेला. आज्जी आधी ओरडली, तुळशीपाशी लोखंड नको म्हणाली. पण इअरफोन तिच्या कानाला लावला आणि त्यातून अभंग आला, तेव्हा गप्प बसली. मग रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की कट्ट्यावर बसून पाच मिनिटं कान पुढे करायची. "लाव रं तुझं डबडं."

चैत्रात आज्जी आत्याकडे विट्याला गेली. आणि आठवड्यात डबडं बारीक बोलायला लागलं. पंधरवड्यात तर रात्रीच्या शांततेत श्वास रोखला तरच ऐकू येई. मी डायोड बदलला. कॉइल सोडून पुन्हा गुंडाळली, वेढे मोजताना दोनदा चुकलो. एरियल आणखी वर चढवली, शेवग्याची फांदी मोडली, त्याबद्दल वडिलांचा मार खाल्ला. केंद्रवाल्यांनीच आवाज कमी केला असणार असं ठरवून त्यांना एक पोस्टकार्डही लिहिलं. सुदैवानं टाकायचं राहून गेलं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आज्जी परतली. सकाळी उठून पाहते तर तुळस मलूल. आई घाईत फुलपात्रभर पाणी घालायची, ते कुंडीतच जिरायचं. आज्जीची सवय घागरीची. पाणी कुंडीतून वाहून वृंदावनाच्या मोरीतून पायथ्याशी यायचं. मी कट्ट्यावर इअरफोन कानात खुपसून बसलो होतो, हट्टानं. आज्जीनं घागर ओतली. पाणी खाली आलं, गजाभोवती डुबुक डुबुक बुडबुडे आले, आणि कानात बातम्या! हळूहळू नव्हे, कुणी दार ढकलून आत यावं तशा.

खाली वाकून पाहिलं. उन्हानं काळी माती भेगाळून गजापासून सुटली होती. भेग एवढी, की माझी करंगळी आत गेली. गज नुसता हवेत उभा. एरियलमध्ये उठलेली वीज कॉइलमधून जमिनीत उतरायची, तिची वाटच तुटलेली. मी सगळं वर शोधत होतो, बिघाड पायाखाली.

आज्जीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग मी नव्हते तवा तुळशीला पाणी कोन घालत हुतं, त्ये सांग आधी." आईनं स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात ठेवली.

तेव्हा श्रोतेहो, अर्थ ओली हवी. हातभर गज, ओल्या जागी, रोज पाणी. मोरीजवळची जागा उत्तम. आता अंगणाला पेव्हर ब्लॉक घातलेत त्यांनी काय करायचं, मला विचारू नका. पेव्हर ब्लॉक ही गोष्टच मला कळत नाही. पाणी मुरत नाही, पाय भाजतात, आणि दोन पावसाळ्यांत शेवाळावर माणसं घसरतात. असो. पण म्हणून भिंतीतल्या प्लगच्या अर्थला मुलांना हात लावू देऊ नका.

एरियल विजेच्या तारांपासून लांब बांधा. वळवाचे ढग दिसायला लागले की ती रेडिओपासून सोडवून घराबाहेरच गजाला अडकवून ठेवा, आणि ढग डोक्यावर येण्याआधीच. गडगडायला लागल्यावर तारेला हात लावायचा नाही. नमस्कार.