मृत्युपत्रात सापडणारी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

घरातली वंशावळ काढून बघा. खापरपणजोबांपासून तुमच्यापर्यंत पुरुष ओळीने मिळतील. पण पणजोबांच्या बहिणी, लहानपणीच विधवा झालेली चुलत आजी? बहुतेक वंशावळींत त्यांना जागाच नसते. ही माणसं भेटतात कोर्टाच्या दप्तरात.

मुंबई शहरात १ सप्टेंबर १८७० पासून केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्राखाली कोर्टात हक्क सांगायचा, तर मृत्युपत्र खरं ठरवणारं हायकोर्टाचं प्रोबेट लागायचं. त्यामुळे मृत्युपत्रं तिथे जमा होत गेली. त्यांत माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो. पाटल्या धाकटीला का, थोरल्याला कमी का, विधवा भावजयीला महिना किती, सगळं नावानिशी. खाली दोन साक्षीदार. तेही बघा, एखादा मेहुणा निघायचा!

मृत्युपत्रच नसेल तर लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे मृताच्या मालमत्तेचा कारभार बघायला कोर्टाची परवानगी मागणारा, अर्ज शोधा. माझ्या मते आपल्या कामी हाच जास्त मोलाचा. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याचं कलम २७८ सांगतं, की मृत्यू कधी आणि कुठे झाला, मागे कोण नातेवाईक आहेत, ते कुठे राहतात, हे अर्जात लिहायचं. म्हणजे बडोद्याला दिलेली बहीणसुद्धा पत्त्यासकट हजर.

अर्थात हा घरदार, पैसाअडका असलेल्यांचा कारभार. चाळीतल्या भाडेकरूला कुठलं प्रोबेट? शिवाय १९५६ पूर्वी एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. तेव्हा गावची वडिलोपार्जित जमीन इथे शोधू नका. तिच्यासाठी जुने फेरफार आणि वारस नोंदी. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या रेग्युलेशनखाली, म्हणजे कायद्याखाली, दिलेले वारस दाखलेही असतात, ते जिल्ह्याच्या कोर्टात.

गोव्याचे असाल तर तुमची चैन आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याने मुलगी मुलग्याइतकीच वारस ठरली. त्यामुळे इन्वेंटरीच्या, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी नि वाटणीच्या, कागदांत लेकी-जावई सगळे येतात. जुने कागद पोर्तुगीजमध्ये, एवढाच त्रास.

नकलेसाठी अर्ज करताना मृत्यूचं साल अंदाजे तरी हाताशी ठेवा. मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असत, आणि पुष्कळदा आडनाव गाळून नुसतं स्वतःचं नि वडिलांचं नाव लिहीत. आडनावाने काही मिळालं नाही, तर वडिलांच्या नावाने पुन्हा बघायला सांगा.