मुंगी घाटाने शिंगणापूर

(दृश्य: कोथळे गावाबाहेरचा माळ, मागे उभा डोंगर)

सोलापूर जिल्ह्यातलं कोथळे. गावाबाहेर आलं की समोर उभा राहतो उघडाबोडका, करडा डोंगर. माथ्यावर शिखर शिंगणापूर. पायथा सोलापुरात, माथा साताऱ्याच्या माण तालुक्यात. वर जायला फलटणहून डांबरी रस्ता आहे, दहिवडीहूनही आहे. आपण निघालोय मुंगी घाटाने.

फाल्गुन सरत आलाय. सकाळचे सात वाजलेत आणि ऊन आताच चटकायला लागलंय. पायथ्याला मेंढरं वळणारे बाबा हटकतात, "पावनं, पानी किती घेतलंय?"

"माणशी दोन बाटल्या."

"मग जावा. वाटंत टिपूस न्हाय."

(दृश्य: पायवाट, तरवडाची झुडपं, वाळकं गवत)

तरवड, निवडुंग, घायपात, मधूनच एखादी खुरटी बोर. सावलीला टेकावं असं झाड नाही. गवत वाळून कडक झालंय. त्याची कुसळं मोज्यातून आत शिरतात, आणि घाईने ओढली तर टोक आतच मोडतं. सावकाश, मुळाशी धरून काढायची.

हे वाळवंट नव्हे. पण याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. पावसाळी वारे सह्याद्रीची धार चढतानाच बहुतेक पाणी टाकून मोकळे होतात. इकडे येतात ते रिकामे ढग. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळात माणमधली जनावरं चारा छावण्यांत होती. साताऱ्याची हिरवी चित्रं बघून इकडे येणाऱ्याने हे ठाऊक ठेवावं.

(दृश्य: खडी चढण, सुटे दगड)

आता चढ अंगावर येतो. दगड पायाखालून सुटतात, हात टेकावे लागतात. नुसती पाठपिशवी घेऊन ही अवस्था. चैत्रात, शंभू महादेवाच्या यात्रेत, इथूनच कावडी चढतात.

कावड म्हणजे आडवा दांडा आणि त्याला पाण्याने भरलेली तांब्याची भांडी. सासवडच्या भुतोजी तेली बुवांची मानाची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन पायी येते. चैत्र शुद्ध द्वादशीला ती घाटाखाली पोचते. मग माणसं एकमेकांना धरून साखळी करतात, वरचा खालच्याला ओढतो, खालचा वरच्याला रेटतो, आणि कावड हातभर, हातभर वर सरकते. "हर हर महादेव" तर असतंच. पण कावड तिरपी झाली की घशातून निघतं ते, "म्हाद्या, धाव!" देवाला असं एकेरीत दरडावायला हक्क लागतो. कोरड्या डोंगरावर खांद्यावरून पाणी आणणाऱ्यांचा तो आहेच.

(दृश्य: माथा, दोन्ही बाजूंचा मुलूख)

माथा. वारा अंगावर आला की घाम एकदम गार पडतो.

उत्तरेला खाली माळशिरसचा सपाट मुलूख, नीरेच्या उजव्या कालव्याने हिरवा झालेला. ऊसच ऊस. दक्षिणेला माण: एकामागे एक उघड्या टेकड्या, मध्ये पांढुरके माळ. महादेव डोंगररांगेची ही धार. उत्तर उतारावर पडलेला थेंब नीरेकडे जातो, दक्षिणेचा माणगंगेकडे, आणि दोन्ही नद्या शेवटी भीमेलाच मिळतात. आकाशातून येणाऱ्या पाण्यात दोन्हीकडे फार फरक नाही. फरक केलाय तो कालव्याने.

गावाजवळ पुष्कर तलाव आहे. तो मालोजीराजे भोसल्यांनी बांधला असं सांगतात. शंभू महादेव हे भोसल्यांचं कुलदैवत. कुलदैवतापाशी यायचं तर आधी पाण्याची सोय हवी, हे त्या घराण्याने ओळखलं असणार. देवळाचं दगडी काम सावकाश बघण्यासारखं आहे, पण अनवाणी पायांना दुपारची फरशी सोसत नाही, तेव्हा दर्शन अकराच्या आत उरका.

उतरताना मुंगी घाट नको. सुट्या दगडांवर चढताना जे निभतं ते उतरताना गुडघ्यावर येतं. देवळाखालच्या दुकानात चहा घ्या, बाटल्या भरा आणि सरळ फलटणची एसटी धरा.